पार्किंगमधली मारुती ८०० मिसिंग मारतेय

बी-३०२: मंडळी जरा गाडीचं विचारायचं होतं. आमची जुनी ८००, ९७ ची, कार्बोरेटरवाली, पाऊस लागल्यापासून सकाळी जाम मिसिंग मारतेय. स्टार्ट होते पण अख्खी गाडी थरथरते आणि फर्मागुडीचा चढ लागला की धक्के देत देत जाते, पिकअपच नाही. दोन दिवस ऊन पडलं की हीच गाडी एकदम शहाणी. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर गेला, नवीन टाका, पंप पण बदलून घ्या. करू का?

सेक्रेटरी: अच्छा ती तुमची होय. सकाळी अख्ख्या बी विंगला कळतं तुम्ही निघालात ते 😄

सी-२०४ वहिनी: आणि पेट्रोलचा वास केवढा मारतो हो भाऊजी, बाल्कनीत उभं राहवत नाही

ए-३०३: इथेनॉल हो, दुसरं काय. २० टक्के मिसळतात आता. जुन्या गाड्यांची वाट लावली

डी-१०२: १५ वर्षं झाली की पुढे दर ५ वर्षांनी आरसी रिन्यू करत बसायचं, त्यापेक्षा काढून टाक ना

बी-३०२: काढायचा विषयच नाही, बाबांची गाडी आहे

नाना ए-१०१: थांब रे, कार्बोरेटरला हात लावू नको. तूच लिहिलंयस ना, ऊन पडलं की ठीक. कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा असता तर त्याला ऊन काय न पाऊस काय, रोजच रडली असती. इथेनॉलचं पण तेच, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात हे खरं, पाइप बघून घे एकदा, पण अडचण फक्त दमट सकाळी येते म्हणजे करंट कुठेतरी लीक होतोय. आणि वहिनी म्हणतात तो वास महत्त्वाचा आहे, एका सिलिंडरमध्ये पेट्रोल जातंय पण पेटत नाही, तसंच सायलेन्सरमधून बाहेर पडतंय.

बी-३०२: मग चढालाच का जास्त नाना?

नाना ए-१०१: चढाला तू रेस देतोस, सिलिंडरमध्ये प्रेशर वाढतं, तेवढ्या प्रेशरमध्ये प्लगच्या गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. मग करंटला प्लगपेक्षा दुसरी वाट सोपी पडते, ओली वायर, डिस्ट्रिब्युटरची (करंट प्रत्येक प्लगला वाटणारा तो) चिरलेली कॅप, काहीही. उलट एखादा व्हॅक्यूम पाइप फाटला असता तर उभ्या गाडीला मिसिंग आणि रेस दिली की बरी, असं झालं असतं. आमच्या खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये नवीन पोरगा आला की आधी पाना हातात घ्यायचा, त्याला मी आधी गाडी ऐकायला लावायचो.

ई-२०१: नाना स्कॅनर लावून बघूया ना, माझ्याकडे ब्लूटूथवाला आहे. माझ्या गाडीला मिसिंगचा पी०३०२ कोड आलेला, शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडर नंबर

नाना ए-१०१: ह्या ८०० ला स्कॅनर लावायचा सॉकेटच नाही रे. तुझ्या गाडीला चालेल. पण तुझ्याकडे चेक लाइट ब्लिंक व्हायला लागला तर तसाच दामटू नको, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून वितळतो, मग खर्च बघ. ३०२, तुझ्या गाडीचा स्कॅनर म्हणजे कान. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच कर. इंजिन बंद ठेवून एका प्लगची वायर काढ, त्या वायरला एक जुना प्लग लावून तो इंजिनला वायरने नीट अर्थ कर, मग स्टार्ट करून ऐक. तिन्हींचं एकेक करून. ज्याची काढल्यावर इंजिन आणखी रडतं तो सिलिंडर काम करतोय, ज्याची काढून काहीच फरक नाही तो मेलेला. आणि चालू इंजिनवर हाताने वायर ओढायची नाही, हजारो व्होल्ट असतात.

सेक्रेटरी: आणि हे सगळं गेटजवळ नको, मागच्या बाजूला करा

(दुसऱ्या दिवशी)

बी-३०२: नाना केलं. एक आणि तीन नंबरला इंजिन बंद पडायला आलं, दोनला ढिम्म. दोनचा प्लग काढला तर ओला, पेट्रोलचा वास, ऑइल नाही. पुसून तो तीनला लावला न तीनचा दोनला, तरी दोनच मेलेला. मग त्या दोघांच्या वायरींची अदलाबदल केली, तरी दोनच.

नाना ए-१०१: शाब्बास. म्हणजे प्लग सुटला, वायर सुटली. आता अंधार पडला की बॉनेट उघडून लाइट बंद कर आणि डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर पाण्याचा बारीक फवारा मार, फवारा म्हणतोय, पाइप नाही. कापडाला इस्त्री करताना मारतात तेवढाच. हात लांब.

बी-३०२: आईशप्पथ नाना 😳 डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर निळे किडे वळवळतायत नुसते. कॅप उघडली तर आत दोन नंबरच्या टर्मिनलपासून खाली कडेपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ. टर्मिनलवर हिरवट पांढरी पावडर पण आहे.

नाना ए-१०१: कार्बन ट्रॅक. एकदा तो पडला की करंट त्याच वाटेने जातो. खरवडून चार दिवस चालेल, परत तेच. पावडर ती खाऱ्या हवेची, गाडी आधी वास्कोला होती ना बरीच वर्षं? कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर दोन्ही नवीन घे, कार्बोरेटरच्या मानाने किरकोळ आहे. कॅपखालची रबरी रिंग चपटी झाली असेल तर ती पण, ओल तिथूनच शिरते. आणि वायरी सगळ्या एकदम काढू नको, जुन्या कॅपवरून एक काढायची ती नवीनवर त्याच जागी लावायची, मग दुसरी. तुझ्या गाडीची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे, उलटी लागली तर फटाके फुटतील.

डी-१०२: आणि समजा कॅप बदलूनही दोनच मेलेला राहिला तर?

नाना ए-१०१: तर कॉम्प्रेशन मोजायचं, टॅपेट, व्हॉल्व्ह. पण ते ऊन बघून बरं होत नाही, म्हणून मी तिकडे गेलोच नाही.

(संध्याकाळी)

बी-३०२: फोंड्यातच मिळालं सगळं. बसवलं. मुद्दाम भर पावसात फर्मागुडीला नेऊन आणली, एक धक्का नाही. तिसऱ्यावर चढली.

सी-२०४ वहिनी: वास पण नाही आज, थँक्यू नाना 🙏

नाना ए-१०१: आता डिपस्टिक काढून ऑइलचा वास घे. इतके दिवस न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरलेलं असतं, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलूनच टाक. आणि सर्व्हिसिंगला टाकशील तेव्हा इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नको.

बी-३०२: मे महिन्यात मारलेलं नाना, चकाचक करून दिलेली

नाना ए-१०१: मग झालं तर. चवथीच्या आधी परत धुवायला नेशील तेव्हा कॅपवर प्लास्टिकची पिशवी बांधून ने.