मदत हवी आहे: दहावी इंग्रजी, बातमीलेखनासाठी नमुने

राज्य मंडळाच्या दहावी इंग्रजी (तृतीय भाषा) पेपरातल्या 5 गुणांच्या बातमीलेखनासाठी सरावसाहित्य हवंय. मराठी माध्यमाची मुलं, वर्गात प्रोजेक्टर नाही, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर नीट येईल असंच सांगा.

मथळा, स्थळ-तारीख, पहिला परिच्छेद, तपशील हा साचा मुलांना पाठ आहे. गाडी अडते ती पहिल्या परिच्छेदावर. ‘अवर स्कूल’ने सुरुवात होते, म्हणजे बातमीदारच यजमान! मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांची ओळख असं घडलं त्या क्रमानं येतं आणि बक्षीस कुणाला मिळालं हे शेवटच्या ओळीत. गाइडमधले नमुनेही याच वळणाचे, म्हणून ते नकोत. पत्र सूचना कार्यालयाची (केंद्र सरकारची बातम्या देणारी संस्था, PIB) इंग्रजी निवेदनं पाहिली. फुकट आहेत, पण वाक्यं लांबलचक.

कुणाकडे 80-100 शब्दांच्या, सोप्या इंग्रजीतल्या स्थानिक बातम्यांचा संच आहे का? मथळा कापलेला किंवा वाक्यं उलटसुलट केलेली असतील तर उत्तमच. तपासताना क्रम चुकल्याचे गुण कापता की फक्त शेरा देता, तेही सांगा. परीक्षकाचं काम केलेल्यांनी जरूर लिहा.