एकाच कोळसा शेअरचा पी/ई एका साइटवर ७, दुसरीवर १४. खरा कुठला? (मदत हवी आहे)

धागाकर्ता: बिनव्याजी

तीन तास डोकं फोडतोय. कंपनी तीच, भाव तोच, आणि पी/ई (भाव भागिले शेअरमागचा नफा) एका साइटवर ६.७ दाखवतो, दुसरीवर १३-१४. लाभांशाचा उतारा (भावाच्या किती टक्के लाभांश) मात्र दोन्हीकडे ७ टक्क्यांच्या जवळ. ५०० शेअर घ्यायचे आहेत. स्वस्त आहे की महाग एवढंच सांगा. 'स्वतः अभ्यास करा' हा सल्ला नको, तेच करतोय.

आकडेमोड

कंपनीचं नाव? भाव? किती वर्षांसाठी घेताय? लाभांशासाठी की भाववाढीसाठी? आयकराचा स्लॅब कुठला? यातलं काहीच धाग्यात नाही.

बिनव्याजी

कोल इंडिया, दुसरी कुठली असणार! भाव ३८५ धरा. बाकीच्याचा पी/ईशी काय संबंध?

जुना_ताळेबंद

७ दाखवणारी साइट एकत्रित (उपकंपन्या धरून) निकाल घेते, १४ दाखवणारी स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनीचा). कोल इंडिया ही धारक कंपनी आहे. कोळसा काढतात त्या उपकंपन्या: ईस्टर्न, भारत कोकिंग, सेंट्रल, वेस्टर्न, साउथ ईस्टर्न, नॉर्दर्न आणि महानदी. खाणींचं नियोजन आणि आराखडे सीएमपीडीआय करते. मूळ कंपनीच्या स्वतःच्या नावावर खाणकाम म्हणाल तर ईशान्येकडचं थोडंसं. त्यामुळे स्टँडअलोन नफा बहुतांशी उपकंपन्यांकडून आलेला लाभांशच असतो. पी/ई काढताना एकत्रित नफाच धरायचा. २०२४-२५ चा शेअरमागे ५७ रुपयांच्या थोडा वर, म्हणून ३८५ ला ६.७.

बिनव्याजी

म्हणजे स्वस्त. झालं. धन्यवाद.

खाणपट्टा

थांबा, इतक्यात धन्यवाद नकोत. स्टँडअलोन आकडा निरुपयोगी नाही. तुमच्या हातात पडणारा लाभांश त्याच खिशातून निघतो. २०२४-२५ साठी एकूण २६ रुपये ५० पैसे दिले (१५.७५ + ५.६० + ५.१५). शेअर ६१६.२७ कोटी. गुणाकार करा: १६,३०० कोटींच्या वर. एकत्रित नफ्याशी ताडलं तर हे वाटप ४६ टक्के, 'अजून निम्मं शिल्लक आहे' असं वाटतं. स्टँडअलोन नफ्याशी ताडलं तर जवळजवळ सगळंच वाटून झालेलं आहे. वाढीव लाभांश हवा तर आधी उपकंपन्यांनी वर जास्त पाठवायला हवा, आणि त्यांना रेल्वेमार्ग, सायलो, जमीन संपादन यांवर खर्च करायचा आहे. त्यामुळे ७ चा पी/ई स्वस्त वाटतो तितका स्वस्त नाही.

आकडेमोड

खाणपट्टा, हे अर्धंच खरं. सरकारचा हिस्सा ६३.१३ टक्के आहे. दीपमच्या (केंद्राचा निर्गुंतवणूक विभाग) नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांनुसार सरकारी कंपनीने निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ४ टक्के, यातलं जे जास्त ते किमान वाटायचं. दिल्लीला पैसा लागला की उपकंपन्या बरोबर वर पाठवतात. लाभांशाची काळजी सगळ्यात शेवटी करा, आधी नफा टिकेल का ते बघा. कमी पी/ई बघून धातू-खनिजाचे शेअर घेणारे नेमके चक्राच्या माथ्यावर घेतात.

खाणपट्टा

चक्र कसलं? ८५-९० टक्के कोळसा इंधन पुरवठा कराराने ठरलेल्या दराने वीज कंपन्यांना जातो. तो दर जानेवारी २०१८ नंतर थेट ३१ मे २०२३ ला वाढला, तोही जी-२ ते जी-१० या वरच्या प्रतींनाच, ८ टक्के. मधल्या पाच वर्षांत जगात कोळशाचं काय काय झालं! याला चक्र म्हणणं म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या निर्यातदार खाणीचा चष्मा इथे लावणं.

आकडेमोड

चक्र उरलेल्या दहा टक्क्यांत आहे. ई-लिलाव. २०२२-२३ च्या दुसऱ्या तिमाहीत लिलावातला सरासरी भाव टनाला ६,००० च्या आसपास होता, नंतर २,५०० च्या घरात आला. कराराचा भाव १,५०० च्या आगेमागे. उत्पादन खर्च दोन्हीकडे तोच, म्हणजे लिलावातला वरचा रुपया जवळजवळ सरळ नफ्यात जातो. धागाकर्त्यांनी हे गणित स्वतः मांडून बघावं:

लिलावात साधारण ८ कोटी टन. भाव टनाला १०० रुपये घसरला तर ८०० कोटी गेले. २५.१७ टक्के कर वजा करा, ६०० कोटी. ६१६ ने भागा: शेअरमागे जवळपास १ रुपया.

कराराचा भाव १ टक्का वाढला (१५ रुपये × सुमारे ६७ कोटी टन) तर करोत्तर साडेसातशे कोटी, शेअरमागे १.२० रुपये.

पगाराचा एकूण खर्च ४६,००० कोटींच्या आसपास. तो १० टक्के वाढला तर शेअरमागे साडेपाच रुपये गेले.

या तीन ओळी हाताशी असल्या की तिमाही निकाल बघून घाबरायला होत नाही.

बिनव्याजी

पगार १० टक्के का वाढेल? माणसं तर दरवर्षी कमी होतायत ना?

वर्धा_खोरं

निवृत्तीमुळे संख्या घटते, बरोबर. पण अकरावा राष्ट्रीय कोळसा वेतन करार १ जुलै २०२१ ते ३० जून २०२६ असा आहे, आणि त्यात १९ टक्के किमान हमी लाभ होता. पुढचा १ जुलै २०२६ पासून लागू. बिगर-अधिकाऱ्यांपुरता असला तरी खर्चाचा मोठा वाटा त्यांचाच. फसगत कुठे होते ते सांगतो. करार सहीला उशीर होतो (मागचा मे २०२३ मध्ये झाला), तोवर कंपनी अंदाजाने तरतूद करत राहते, आणि सहीच्या आगेमागे एखाद्या तिमाहीत मोठी रक्कम एकदम टाकते. ती तिमाही वाईट दिसते, त्याआधीच्या उगाच चांगल्या दिसलेल्या असतात. म्हणून पगार खर्चाला वर्षाच्या उत्पादनाने भागून 'टनामागे पगार' बघा, पाच वर्षांचा. २०२४-२५ चं उत्पादन ७८.१ कोटी टन, म्हणजे टनामागे सहाशेच्या खाली.

गुणाकार_चिन्ह

कोळशात पैसा घालूच नये. सौरऊर्जा आली. निर्देशांक फंडात एसआयपी लावा, झोप शांत लागेल.

खाणपट्टा

विचारलंय काय, सांगताय काय. २०३१-३२ पर्यंत किमान ८० गिगावॅट औष्णिक क्षमता वाढवायची असं केंद्र म्हणतंय. देशाचं उत्पादन २०२४-२५ मध्ये १०४ कोटी टनांच्या वर गेलं. मागणी नाहीशी होण्याची भीती दहा वर्षांनंतरची. आजची अडचण वेगळी आहे: २०२० पासून व्यावसायिक खाणींचे लिलाव सुरू झाले आणि वीज कंपन्यांच्या स्वतःच्या खाणीही वाढल्या. कोल इंडियाचं उत्पादन २०२३-२४ मध्ये ७७.४ कोटी टन, पुढच्या वर्षी ७८.१. एक टक्का वाढ. लिलावातला भाव खाली ओढणारी खरी गोष्ट ही आहे, सौर पॅनेल नाही.

गुणाकार_चिन्ह

दुपारी सौर वीज आली की औष्णिक संच कमी भारावर चालवतात, कोळसा कमी जळतो. याचा परिणाम नाही म्हणता?

खाणपट्टा

आहे. पण तो टनांत मोजून दाखवा, मग बोलू.

जुना_ताळेबंद

भांडण चालू द्या. धागाकर्ते, जुन्या आकड्यांची तुलना करताना एक खड्डा आहे. २०२२-२३ चा नफा त्या वर्षीच्या अहवालात २८,१२५ कोटी होता. पुढच्या वर्षीच्या निकालात त्याच २०२२-२३ पुढे ३१,७०० च्या वरचा आकडा दिसतो. टंकनदोष नाही. ओबी काढण्याच्या हिशेबाची पद्धत बदलली.

खुल्या खाणीत कोळशाच्या वरचे माती-दगड आधी काढावे लागतात, ती ओबी. एक टन कोळशामागे किती घनमीटर ओबी हे गुणोत्तर. आधीच्या पद्धतीत खाणीच्या सरासरी गुणोत्तरापेक्षा या वर्षी कमी ओबी काढली, तर फरकाची तरतूद नफ्यातून वजा व्हायची. रोकड बाहेर जात नव्हती, पण कागदावरचा नफा कमी व्हायचा, आणि ताळेबंदात 'स्ट्रिपिंग ॲक्टिव्हिटी ॲडजस्टमेंट' नावाचं दायित्व फुगत जायचं. म्हणून दहा वर्षांचा ईपीएसचा (शेअरमागचा नफा) आलेख सरळ उतरवून घेऊ नका. कामकाजातून आलेली रोकड वजा भांडवली खर्च, हा आलेख काढा.

आकडेमोड

आणि ते ओबीचं दायित्व कर्जात मिळवा. म्हणजे एंटरप्राइज व्हॅल्यू (बाजारमूल्य अधिक कर्ज वजा रोकड) खरी दिसेल.

जुना_ताळेबंद

अजिबात मिळवू नका. ते कोणा सावकाराचं देणं नाही, व्याज नाही, मुदत नाही.

आकडेमोड

सावकार नसला तरी काम उरलेलं आहे ना? खाण खोल गेली की गुणोत्तर वाढणार आणि डिझेल, स्फोटकं, कंत्राटदार यांना रोखच द्यावे लागणार.

वर्धा_खोरं

दोघेही कंपनीचा एकच सरासरी आकडा धरताय. संपूर्ण कोल इंडियाचं गुणोत्तर अडीचच्या आसपास. महानदीचं त्याहून बरंच कमी, आमच्याकडे वेस्टर्नचं कितीतरी जास्त. नागपूर-चंद्रपूर-वणी भागात कोळसा निघतो तो दगड उपसून उपसून. म्हणून नफ्याचा मोठा भाग महानदी, नॉर्दर्न आणि साउथ ईस्टर्न देतात. एकूण उत्पादन एक टक्का वाढलं हे कळून उपयोग नाही, ते कुठे वाढलं ते बघा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आसपास उपकंपनीवार उत्पादन आणि उचल (ग्राहकांकडे रवाना झालेला कोळसा) शेअर बाजाराला कळवतात. महानदी घटली आणि वेस्टर्न वाढली, तर टन तेवढेच राहूनही नफा खाली.

उत्पादन आणि उचल यांतला फरकही बघा. उन्हाळ्याच्या तोंडाशी खाणीवर साठा वाढत असेल तर रेक (मालगाड्या) मिळत नाहीत किंवा वीजकेंद्रं घेत नाहीत. साठा फार दिवस पडला की उष्मांक घटतो, कधी पेटतोही. प्रत प्रति किलो ३०० किलोकॅलरीच्या टप्प्यांची आहे (जी-११ म्हणजे ४,००० ते ४,३००). त्रयस्थ नमुना तपासणीत एक टप्पा घसरला की बिल कमी.

बिनव्याजी

जीएसटी बदलला त्याचं काय? त्यावरूनही दोन मतं वाचली.

आकडेमोड

२२ सप्टेंबर २०२५ पासून टनामागचा ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला आणि जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. १३ टक्के म्हणजे ४०० रुपये होतात ३,०७७ च्या भावाला. त्याखालचा कोळसा ग्राहकाला स्वस्त पडतो, वरचा किंचित महाग. १,५०० च्या कोळशावर आधी ७५ + ४०० = ४७५, आता २७०. (रॉयल्टी वगैरे मिळवून करपात्र रक्कम जरा वाढते, पण दिशा तीच.) आयात कोळशाशी तुलना केली तर देशी हलक्या प्रतीला फायदा. कंपनीलाही एक आराम: विक्रीवर ५ आणि खरेदीवर १८ टक्के असल्याने अडकून साचणारं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आता वापरलं जाईल.

खाणपट्टा

करांचा विषय निघालाच तर मोठा करा. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ८ विरुद्ध १ असा निर्णय दिला की रॉयल्टी हा कर नव्हे, आणि खनिज असलेल्या जमिनीवर राज्यं कर लावू शकतात. ऑगस्टमधल्या आदेशाने १ एप्रिल २००५ पासूनची मागणी करायला वाट मोकळी झाली, भरणा १ एप्रिल २०२६ पासून १२ वर्षांच्या हप्त्यांत. पुढचा कर ग्राहकाच्या बिलात चढवता येईल. वीस वर्षांपूर्वी विकलेल्या कोळशाचा कर कोणाकडून वसूल करणार? वार्षिक अहवालात 'संभाव्य दायित्वे' ही टीप वाचा, राज्यनिहाय.

रोकडही सगळी तुमची समजू नका. खाण बंद करण्यासाठी एस्क्रो खात्यात ठेवलेली रक्कम त्यात असते, तिला हात लावता येत नाही. भाव ठरवताना ती वजा करायची.

लाभांशप्रेमी

एक्स-डेटच्या (ज्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आदल्या दिवशी घेऊन दुसऱ्या दिवशी विकलं तर लाभांश फुकट मिळतो, हे चालेल का?

जुना_ताळेबंद

फुकट काही नाही. एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो, आणि लाभांशावर स्लॅबप्रमाणे कर पडतो. धागाकर्ते, स्लॅब विचारला होता तो यासाठी.

बिनव्याजी

३० टक्के.

जुना_ताळेबंद

उपकरासह ३१.२. मग २६.५० चे हातात १८.२३. ३८५ वर ४.७ टक्के. ५०० शेअरवर वर्षाला १३,२५० येतील. १०,००० च्या वर म्हणून १० टक्के टीडीएस कापतील, उरलेला कर विवरणपत्रात स्वतः भरायचा.

बिनव्याजी

७ चे ४.७! मग भाववाढ नसेल तर घेण्यात अर्थ काय?

आकडेमोड

म्हणूनच नफ्याचं गणित करायला सांगितलं. पगारवाढीचे साडेपाच रुपये वजा करा, लिलावाचा भाव आणखी २०० ने खाली धरा, म्हणजे अजून दोन. ५७ चे ४९-५० उरतात, पी/ई पावणेआठ. करारदरात वाढ धरू नका, ती सरकारच्या मर्जीवर. पावणेआठला जर वाढ न होणारी कंपनी घ्यायची तयारी असेल तर घ्या. माझ्या मते २५० शेअर आता, उरलेले वेतन कराराची तरतूद आकड्यांत दिसू लागल्यावर.

खाणपट्टा

मी ३८५ ला घेणार नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये २४५ ला विक्रीला आलेला, जानेवारी २०१५ मध्ये सरकारने ३५८ ला विकलेला, आणि जून २०२३ मध्ये २२५ ला पुन्हा विकलेला शेअर आहे हा. भाव वर गेला की सरकार विकायला उभं राहतं. तो पुरवठा डोक्यावर कायम असतो.

नवखा_७

सिंगरेनीचा शेअर कुठे मिळेल?

वर्धा_खोरं

कुठेच नाही. तेलंगणा ५१ टक्के, केंद्र ४९. सूचिबद्धच नाही. आणि त्यासाठी वेगळा धागा काढा.