‘सापाची कात कमावणे’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न : सापाची कातडी घरच्या घरी टिकवण्याची एक कृती मी मराठीत आणीत आहे. ‘टॅनिंग’साठी मी ‘सापाची कात कमावणे’ असे लिहिले, पण मसुदा वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी ‘कात’ या शब्दाला हरकत घेतली. येथे कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : आपल्या स्नेह्यांची हरकत रास्त आहे. कात म्हणजे सापाने आपणहून टाकलेले, त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराचे आवरण. ते मुख्यतः केराटिनचे, म्हणजे नखा-केसांत असते त्या प्रथिनाचे, असते. कमावण्याची क्रिया मात्र त्याखालच्या थरातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंवर घडते आणि कातीत हे तंतू नसतातच, त्यामुळे कात ओलसर करून, सपाट पसरून, वाळवून जपता येते, परंतु कमावता येत नाही. मेलेल्या सापाच्या अंगावरून काढतात ती कातडी. साप कात टाकतो, कातडी मात्र सोलावी लागते. क्रियापदांनीच हा भेद सांभाळला आहे. दोन्ही शब्दांचे नाते संस्कृत ‘कृत्ति’शी (शंकराच्या ‘कृत्तिवास’ या नावातली) जोडले जाते, त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे.

मला विशेष मोलाचा वाटतो तो दुसरा ‘कात’, खैराच्या लाकडापासून काढलेला आणि पुल्लिंगी. त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि कातडी कमावण्यासाठी तो वापरतातही. म्हणजे ‘काताने कमावलेली कातडी’ हे निर्दोष मराठी आहे, ‘कमावलेली कात’ नाही.

प्रश्न : आभारी आहे. पण माझ्या कृतीत टॅनिन नाहीच. कातडीचे मांस व चरबी खरवडायची, ती ग्लिसरीन व अल्कोहोलच्या समभाग मिश्रणात काही दिवस बुडवून ठेवायची आणि मग फळीवर ताणून वाळवायची, एवढेच आहे. तरीही ‘कमावणे’ चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालू नये. ‘कमावणे’ या क्रियापदात श्रमाने वस्तूचा गुणच पालटण्याचा भाव आहे. कमावलेले शरीर म्हणताना आपल्याला तोच अभिप्रेत असतो. बाभळीची साल, हिरडा किंवा क्रोमियमचे क्षार कोलॅजेनच्या तंतूंना बांधून घेतात, त्यामुळे चामडे पुन्हा भिजले तरी कच्च्या कातडीसारखे सडत नाही. आपल्या कृतीत अल्कोहोल पाणी शोषून घेते व जंतूंना रोखते, तर ग्लिसरीन तंतूंमध्ये राहून ओलावा धरून ठेवते आणि कातडी मऊ राहते. मात्र ग्लिसरीन पाण्यात विरघळणारे असल्यामुळे अशी कातडी भिजवल्यास ते निघून जाते, म्हणजे गुण उसना असतो. यासाठी मी ‘मुरवणे’ सुचवीन, कारण द्रव आत शिरून राहण्याची क्रिया त्या शब्दात नेमकी येते. तुरटी व मिठाची रीत या दोहोंच्या मधली आहे. तुरटीचा परिणाम पाण्याने बराचसा धुऊन जातो, तरी तिला ‘कमावणे’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो मोडावा असे मला वाटत नाही.

‘चामडे’ हा शब्दही कमावल्यानंतरच्या अवस्थेसाठी राखून ठेवावा. आपले शीर्षक ‘सापाची कातडी ग्लिसरीनमध्ये मुरवून टिकवणे’ असे करता येईल. ते लांबते खरे, पण वाचणाऱ्याला आपली वस्तू पाण्यापासून जपायची आहे हे त्यातून आधीच कळेल.