मदत हवी आहे: महागडा म्युझिक सर्व्हर घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

थेट विचारतो. घरी संगीत ऐकण्यासाठी हाय-एंड म्युझिक सर्व्हर (गाण्यांच्या फाइली साठवून वाजवणारी खास पेटी) घेतलेलं इथे कोणी आहे का? असल्यास वर्षभरानंतरही पैसे सार्थकी लागले असं वाटतंय का? पहिल्या आठवड्याचं कौतुक नको. नवी वस्तू आठवडाभर सगळ्यांनाच गोड वाजते.

माझ्याकडे साधारण ८०० सीडी आहेत. त्यातल्या ६०० रिप करून (कॉम्प्युटरवर उतरवून) फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आकार लहान करणाऱ्या फाइलींत, ठेवल्यात, २०० अजून खोक्यात आहेत. सध्या एक जुना लॅपटॉप, त्याला यूएसबीने डॅक (डिजिटल आकड्यांचा ध्वनीसंकेत करणारी पेटी), पुढे ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर. आवाजाबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती लॅपटॉपबद्दल. आलाप सुरू होतो, तानपुरा जेमतेम स्थिरावतो आणि ह्याचा पंखा घूं करत सुटतो. घरात दुसरं कोणी त्याला हात लावत नाही. बायकोला गाणं ऐकायचं असलं की ती म्हणते, "तुझं ते विमान चालू करून दे."

ह्या वाटेला मी आधी एकदा जाऊन आलोय. दहा-बारा वर्षांपूर्वी एक तयार सर्व्हर घेतला होता. सीडी सरकवली की आपोआप रिप, कव्हर शोधणार, सगळं गुळगुळीत. पुढे बनवणारी कंपनीच बंद पडली आणि फोन बदलल्यावर ॲप चालेना. मी रात्र-रात्र बसून दुरुस्त केलेली कलाकारांची नावं त्या पेटीच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होती, फाइलींमध्ये नव्हतीच. डिस्क काढून लॅपटॉपला लावली तर समोर 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२', 'अज्ञात कलाकार'. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तरीही गेल्या महिन्यात एका दुकानात नवा सर्व्हर ऐकला. ॲल्युमिनियमचा कोरीव ठोकळा, वीजपुरवठ्याची वेगळी पेटी, पंखा नाही, आत एसएसडी. तुलना करायला मी माझा लॅपटॉप नेला होता. डॅक तोच, ॲम्प तोच, गाणंही तेच. आणि फरक ऐकू आला हो! तबल्याचा बायां भरदार, गळा जास्त जवळ. किंमत मात्र माझा डॅक, ॲम्प आणि स्पीकर एकत्र धरले तरी त्याच्या दीडपट.

डोकं म्हणतं, फाइल तीच तर आवाज तोच. कान म्हणतात, मी ऐकलंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खर्जातला:
नका घेऊ. त्या पैशातला थोडासा भाग खोलीवर घाला. स्पीकर भिंतीला चिकटून आहेत का? मी माझे दीड हात पुढे ओढले आणि समोरच्या उघड्या फरशीवर जाड जाजम टाकलं, तेव्हा जेवढा फरक पडला तेवढा आजवर कुठल्या पेटीने पाडलेला नाही.

तारायंत्र:
धागाकर्ते, एकच प्रश्न. दुकानात दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर होता का? मोजून? एखाद्या डेसिबलचा फरक असला तर कानाला तो 'मोठा' म्हणून कळत नाही, 'चांगला' म्हणून कळतो. लॅपटॉपवरच्या प्लेयरमध्ये रीप्लेगेन चालू आहे का तेवढं बघा. ते सगळे अल्बम एका पातळीवर आणण्यासाठी बहुतेक वेळा आवाज खाली ओढतं.

आता 'फाइल तीच' बद्दल. डॅक असिंक्रोनस यूएसबीचा असेल (बहुतेक नवे असतातच) तर वेळ पाळणारं घड्याळ डॅकमध्ये असतं. सर्व्हर फक्त डेटा पुरवतो आणि डॅक त्याला हवा तेव्हा मागून घेतो. त्यामुळे सर्व्हरमधल्या 'अतिअचूक घड्याळा'चे पैसे तुम्ही नक्की कशासाठी देताय ते विक्रेत्याला विचारा. नेटवर्कने जोडणार असाल तर डेटा पाकिटांतून येतो, हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जातं, मग बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) थांबतो. त्यातून 'मऊ' किंवा 'खुला' आवाज येण्याची सोयच नाही.

एक गोष्ट मात्र खरी असू शकते. कॉम्प्युटरचा विजेचा गोंगाट यूएसबीच्या तारेतून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून ॲम्पपर्यंत पोचतो. गाणं थांबवा, आवाज वाढवा, स्पीकरला कान लावा. माउस हलवल्यावर किरकिर ऐकू आली तर तो गोंगाट. उपाय ऑप्टिकल केबलचा, तिच्यातून वीज जातच नाही. त्यासाठी ठोकळा लागत नाही.

हाय-रेझबद्दल (सीडीपेक्षा जास्त बारकाव्याने नोंदवलेल्या आवाजाबद्दल) कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज तीत मावतो आणि पन्नाशीच्या कानाला बहुधा १४ च्या वरचं फारसं उरलेलं नसतं. २००७ मध्ये मेयर आणि मोरन ह्यांनी हाय-रेझ आवाज सीडीच्या दर्जाला उतरवून लोकांना ओळखायला लावला. ५५४ फेऱ्यांत बरोबर उत्तरं जवळपास निम्मी, म्हणजे छापा-काटा. २०१६ मध्ये जोशुआ राइस ह्यांनी असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तर ५२ टक्क्यांच्या आसपास आलं. फरक असलाच तर एवढा.

सुखवस्तू:
मी घेतलाय. चार वर्षं झाली. (आयडीवर जाऊ नका, हप्ते फेडले आहेत.)

घेतला आवाजासाठी, टिकला सोयीसाठी. आवाज माझ्या आधीच्या साध्या स्ट्रीमरपेक्षा (नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या पेटीपेक्षा) चांगला आहे असं मी वर्षभर छातीठोक सांगत होतो. एकदा मुलाने गुपचूप तारा बदलल्या. मी दोन दिवस जुनाच स्ट्रीमर ऐकत होतो आणि पाहुण्यांना नव्याचं कौतुक सांगत होतो. तेव्हापासून गप्प आहे.

पण सोय खरी आहे. घरातले सगळे वापरतात, चार वर्षांत एकदाही अडकला नाही, पंखा नाही, बॅकअप एका बटणावर. ज्यांना कॉम्प्युटरशी झटापट करायची नाही त्यांच्यासाठी ह्यालाही काही मोल आहे. तेवढं मोल आहे का? प्रामाणिकपणे, नाही. अर्ध्या किमतीत मिळाला असता तर म्हणालो असतो हो.

आणि माहितीपत्रकातल्या शिक्क्यांना भुलू नका. माझ्या पेटीवर मोठ्या दिमाखात एमक्यूए (हाय-रेझ आवाज छोट्या फाइलीत बसवण्याचं तंत्र) लिहिलंय. ते तंत्र २०१४ मध्ये आलं, २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०२४ मध्ये टायडल ह्या गाण्यांच्या ऑनलाइन सेवेनेही ते काढून टाकलं. शिक्का अजून चमकतोय.

मुक्तस्रोत:
धागाकर्त्यांच्या 'ट्रॅक ०१' ला माझा साष्टांग नमस्कार. सगळ्या चर्चेत तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

माझं उलट झालं. लॉजिटेकने २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स हा नेटवर्कवरून गाणी वाजवणारा प्लेयर बंद केला. पण त्याचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं होतं, लोकांनी ते मरू दिलं नाही. आता त्याचं नाव लिरियन. माझी मूळ पेटी केव्हाच गेली, तरी तोच संग्रह आज रास्पबेरी पाय ह्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालतोय. नावं फाइलींच्या टॅगमध्येच (फाइलीतच लिहिलेल्या माहितीत) असल्यामुळे एकही हरवलं नाही.

तेव्हा महाग घ्या, स्वस्त घ्या, विकत घेण्याआधी विक्रेत्यासमोर एक करून बघा: पेटीत एका गाण्याचं नाव बदला, मग ती फाइल पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. बदललेलं नाव दिसलं तर पुढे बोलू. नाही दिसलं तर चपला घाला.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. घडलं ते सांगतो, थोडं लाजिरवाणं आहे.

तारायंत्र, रीप्लेगेन चालू होतं. त्या अल्बमला उणे ७ डेसिबल! म्हणजे दुकानात माझा बिचारा लॅपटॉप सात डेसिबल खाली दबून गात होता आणि मी त्याला बेसूर ठरवत होतो.

ते बंद करून काल पुन्हा दुकानात गेलो. विक्रेता भला माणूस, त्याने फोनवरच्या मीटरने पातळी तपासली आणि माझ्या पाठीमागे उभा राहून नाणं उडवत तारा बदलल्या. १६ वेळा. पहिल्या तीन फेऱ्यांना मी अगदी ठामपणे उत्तर दिलं, आठवीनंतर नुसते अंदाज. एकूण ९ बरोबर. तो म्हणाला, १२ तरी आले असते तर नशीब म्हणता आलं नसतं. पेटी मात्र दिसते देखणी, जाताना एकदा हात फिरवून आलो.

आता एक पंखा नसलेला छोटा कॉम्प्युटर बघतोय. तो कपाटात, त्यावर लिरियन, आणि बायकोच्या फोनवर ॲप. खर्जातल्यांचं ऐकून स्पीकरही पुढे ओढले. बायां दुकानात ऐकला होता तसा नाही, पण पूर्वी सगळा घुमायचा तो आता बोटांचा वाटतो.

दोन शंका उरल्यात. उरलेल्या २०० सीडींपैकी काहींवर ओरखडे आहेत, रिप नीट झालं हे कळणार कसं? आणि रागाचं नाव कुठल्या टॅगमध्ये घालावं? 'जॉनर' मध्ये घातलं तर शंभर जॉनर होतात.

तारायंत्र:
९ बद्दल लाजू नका, माझे ७ आले होते.

ओरखड्यांसाठी ॲक्युरेटरिप वापरणारं सॉफ्टवेअर घ्या. तुमच्या रिपमधल्या आकड्यांची बेरीज ते त्याच सीडीच्या इतरांनी केलेल्या रिपशी ताडून बघतं. जुळली की निश्चिंत. शिवाय फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा ठसा असतो, त्यामुळे पुढे कधी डिस्क सडली तर नेमकी कुठली फाइल बिघडली तेही तपासता येतं. आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या खोलीत ठेवा. त्याच पेटीतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.

मुक्तस्रोत:
रागासाठी 'राग' नावाचा स्वतंत्र टॅग करा, पण गाण्याच्या नावातही तो लिहा. सगळीच सॉफ्टवेअरं स्वतंत्र टॅग दाखवतात असं नाही. जुगलबंदीच्या सीडींना 'अल्बम आर्टिस्ट' भरायला विसरू नका, नाहीतर एका सीडीचे चार तुकडे होतात.

धागाकर्ता:
तेच झालंय. एक जुगलबंदी चार ठिकाणी सापडली, त्यातला एक तुकडा 'अज्ञात कलाकार' मध्ये. बसतो आता दुरुस्त करत. ह्या वेळी फाइलमध्ये.