'घुमारा' हा गुण की दोष? (निमित्त: टॉवर स्पीकर)

खर्जवेडा
मंडळी, एक शब्द अडलाय आणि त्यावरून घरात कुरबुर पण झालीये, म्हणून इथे विचारतो. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी मी स्वस्तातल्या टॉवर स्पीकरवर लेख लिहिला होता, म्हणजे ते जमिनीवर उभे राहतात ना तीन-साडेतीन फुटी, ते. दोन जोड्या, दोन्ही पन्नास हजाराच्या आतल्या, ओळखीच्यांकडून आणून महिनाभर हॉलमध्ये वाजवून बघितल्या. त्यातल्या एका जोडीचा बेस फुगतो, काहीही लावा, खाली एकच घूंऽऽ चालू. इंग्रजीत याला बूमी म्हणतात. मी लिहिलं, "पहिल्या जोडीचा खालचा आवाज घुमारेदार आहे, दुसरीचा तसा नाही."
माझे काका चाळीस वर्षं तबला वाजवतायत. त्यांनी ते वाचलं आणि मला न विचारता नेमकी पहिली जोडी घेऊन आले! म्हणे तूच लिहिलंस की घुमारा आहे म्हणून. आता आठवडाभर ऐकून वैतागलेत आणि म्हणतात चूक तुझ्या मराठीची. तर प्रश्न असा की घुमणं हा मुळात गुण की दोष? आणि दोषच सांगायचा असेल तर शब्द कुठला वापरायचा?
जाता जाता अजून एक, 'व्हॅल्यू फॉर मनी'ला 'पैसा वसूल' सोडून काही आहे का? 'पैसा वसूल' म्हटलं की पैसे गेल्याची हळहळ आधी येते असं मला वाटतं.

तबलजीची_लेक
काकांचं शंभर टक्के बरोबर आहे. आमच्या घरी 'डग्ग्याला घुमारा आहे' (डग्गा म्हणजे तबल्याच्या जोडीतला डावा) यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. नवीन डग्गा घेताना बाबा दुकानात बसून फक्त 'घे घे' वाजवून बघायचे, आवाज कसा उठतो, मनगट पुढे सरकवलं की कसा चढतो आणि तळवा टेकवला की कसा थांबतो. घुमारा नसलेला डग्गा म्हणजे नुसतं टोपलं. तुम्ही दोषाला गुणाचं नाव दिलंत.

वायरमन
पण ताई तुम्हीच उत्तर दिलंय बघा, "तळवा टेकवला की थांबतो". स्पीकरचा बूम थांबत नाही हीच तर तक्रार आहे. डग्ग्याचा घुमारा वाजवणाऱ्याच्या ताब्यात असतो, हा कुणाच्याच ताब्यात नसतो.
आणि बरेचदा तो स्पीकरचा दोष पण नसतो, खोलीचा असतो. हॉल दहा बाय बारा आहे का हो? असेल तर बारा फुटाच्या बाजूला साधारण ४७ हर्ट्झ आणि दहा फुटाच्या बाजूला ५६ हर्ट्झ हे दोन सूर खोली स्वतःच फुगवणार, गाण्यात ते असोत वा त्यांच्या शेजारचे असोत. त्यात टॉवर कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवले की विषयच संपला. दीड-दोन फूट पुढे ओढा, बसायची जागा मागच्या भिंतीपासून सोडवा आणि मग ऐका. मी याला 'एकसुरी बेस' म्हणतो कारण खरंच एकाच सुरात वाजतो तो.

खर्जवेडा
हॉल अकरा बाय बारा. आणि हो, कोपऱ्यात, कारण मधे टीव्हीचं युनिट आहे.
'एकसुरी' आवडला पण लोक त्याचा अर्थ कंटाळवाणा असा घेतील.

वायरमन
मग घेऊ देत की. एकसुरी भाषण कंटाळवाणं का लागतं, एकाच पट्टीत चालतं म्हणूनच ना.

मराठीच_बोला
मूळ मुद्द्याआधी एक विनंती. स्पीकर, टॉवर, बेस, बूमी, हॉल... वाक्यात मराठी उरलं किती? बेसला 'मंद्र' हा आपला हक्काचा शब्द आहे, मंद्र, मध्य, तार. स्पीकरला 'ध्वनिवर्धक'. आणि दोषाला 'मंद्रस्फीती' का म्हणू नये? चलनवाढीला स्फीती म्हणतो तेव्हा कुणाला अडचण येत नाही. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाहीत, आणि रुळले नाहीत म्हणून आपण वापरत नाही, असं किती वर्षं चालायचं?

दादरकर_आजी
ध्वनिवर्धक म्हणजे आवाज वाढवतो तो ना, मग तो ॲम्प्लिफायर झाला. आमच्या वेळी सभेत 'ध्वनिक्षेपक' म्हणायचे. पण तेव्हाही कुणी माइकला म्हणायचं, कुणी भोंग्याला, त्यामुळे "ध्वनिक्षेपक बंद पडला" म्हटलं की नक्की काय बंद पडलं ते कुणालाच कळायचं नाही.

मराठीच_बोला
आजी, म्हणूनच तर एकदा ठरवून घेतलं पाहिजे.

मुक्काम_सातारा
ठरवून कोण घेणार राव. दुकानात जाऊन "मंद्रस्फीती नसलेला ध्वनिवर्धक दाखवा" म्हणून बघा. आमच्याकडे मंडपवाला सरळ सांगतो, "ह्यो बॉक्स नुस्ता ढबढब करतोय, त्यो दणका देतोय." ढबढब वाईट, दणका चांगला. दोन्ही खालचेच आवाज, पण फरक एका शब्दात कळतो. त्याला कुणी कोश दिला नव्हता.

तबलजीची_लेक
'ढबढब' चांगलाय. पण डग्ग्याची पुडी (वरचं कातडं) पावसाळ्यात ओल धरून सैल पडते तेव्हाच्या आवाजालाही आम्ही ढबढबच म्हणायचो, त्यात घूं अजिबात नसायचं, उलट आवाज मेलेला असायचा. म्हणजे हा वेगळा दोष झाला. खर्जवेड्यांना फुगलेला आवाज हवाय, बसलेला नाही.

मिरजेकडचा
मी तंतुवाद्यांच्या गल्लीत वाढलोय, सतार-तंबोऱ्याच्या. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, फार उशिरा मिळालं असं माझं मत.) तर आमच्याकडे आवाजाला चांगलं-वाईट म्हणतच नाहीत आधी. 'खुली जवारी' आणि 'बंद जवारी' म्हणतात. घोडीचा (जिच्यावर तारा टेकतात त्या पट्टीचा) माथा कानसेनं घासून असा काही उतार द्यायचा की तार त्यावर हलकेच टेकत राहते आणि त्यातून ते झुपकेदार, झणझणीत स्वर बाहेर पडतात. खुली ठेवली की आवाज पसरतो, बंद केली की गोल होतो. गाणारा सांगतो त्याला काय पाहिजे. एकाला जे टोचतं ते दुसऱ्याला तेज वाटतं.
मला वाटतं स्पीकरच्या वरच्या आवाजाला हे शब्द थेट लागू होतात. 'ब्राइट' म्हणजे खुला, 'वॉर्म' म्हणजे बंद. 'उबदार आवाज' वाचलं की मला गोधडी आठवते, आवाज नाही.
आमचे एक कारागीर सांगायचे की जवारी म्हणजे मूळची 'जीवारी', तारेखालच्या दोऱ्यालाही जीव म्हणतातच, तो सरकवून बरोबर जागी आणला की तारेत जीव येतो. मला हे पटतं.

दादरकर_आजी
पटण्यासारखं आहे खरं. पण पटतं म्हणून व्युत्पत्ती बरोबर असं होत नाही हो.

मिरजेकडचा
मान्य. तरी मी जीवारीच म्हणणार.
आणि खर्जवेडा, स्पीकर पारखायचे तर तंबोरा लावून बघा ना, गाणं कशाला. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्यात जोडीच्या म्हणजे मधल्या दोन तारा १३८-१३९ हर्ट्झवर आणि खर्ज, म्हणजे शेवटची जाड तार, त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. खर्ज वाजल्यावर बाकीच्या तीन तारा झाकोळल्या तर तो बेस फुगलेला. चारही तारा सारख्या वजनाने ऐकू आल्या आणि वर जवारी सुटी सुटी दिसली, की जोडी घ्यायला हरकत नाही. चाळीस हर्ट्झ, पस्तीस हर्ट्झ असले आकडे खोक्यावर छापतात, त्यातला किती आवाज किती पडल्यावर मोजला ते छापतच नाहीत.

खर्जवेडा
हे मी आज रात्रीच करून बघतो. महिनाभर ऐकलं आणि हे सुचलं नाही.

पणजी_पोंबुर्फा
गोव्यातून एक. 'घुमणे' म्हटलं की आमच्याकडे पहिल्यांदा घुमट आठवतं. मातीचं भांडं, मोठ्या तोंडाला कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता बंदी आहे म्हणून बकऱ्याचं), मागचं लहान तोंड उघडं. २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या हाताने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, तेवढ्याने घूं बदलते. टॉवर स्पीकरला मागे किंवा खाली भोक असतं ना, ते याच तत्त्वावर. आतली हवा आणि भोकातली हवा मिळून एक ठरलेला सूर घुमवतात. माझ्या मोठ्या भावाच्या स्पीकरचा असाच त्रास होता, मी त्या भोकात पायमोजा गुंडाळून घातला आणि घूं निम्मी झाली. म्हणजे घुमट वाजवणारा जे हाताने करतो तेच.
म्हणून माझं म्हणणं, घुमणं हा गुणही नाही आणि दोषही नाही, कुणाचा हात आहे त्यावर.

वायरमन
बरोबर. फक्त मोजा फार दाबून भरू नका, थोडा थोडा भरत ऐका, नाहीतर खालचा आवाज अगदीच पातळ होतो.

मराठीच_बोला
तत्त्व कळलं, पण शब्द मिळाला नाही. "कुणाचा हात आहे त्यावर" हे कोशात कसं लिहायचं?

विदर्भातली
माझी आजी मडकं घेताना बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची. कुंभार चिडायचा, पण तिने कधी न वाजवता घेतलं नाही. 'ठण्ण' वाजलं की पक्कं. 'बद्द' वाजलं की तडकलेलं किंवा कच्चं. हा 'बद्द' शब्द कुणीच कसा काढला नाही इथे? स्वस्त टॉवरच्या बाजूवर पेराने टकटक करून बघा, पातळ लाकडाचा असेल तर पोकळ बद्द येतो. त्याच किमतीत छोटे शेल्फवरचे स्पीकर घेतले तर हा त्रास कमी असतो, कारण मोठ्या खोक्याच्या लाकडावरच निम्मे पैसे गेलेले नसतात. आम्ही दुकानात तसंच केलं आणि टॉवर घ्यायला गेलो होतो ते छोटे घेऊन आलो, सासूबाईंना अजून वाटतं की आम्ही फसलो, एवढ्या पैशात एवढेसेच मिळाले म्हणून.

मुक्काम_सातारा
सासूबाईंचं पण चूक नाही. मोठी वस्तू दिसली की पैसे दिसतात.

वायरमन
यावर प्रयोग झालाय. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी त्याच लोकांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. समोर दिसल्यावर गुण बदलले, लहान स्वस्त संच डोळ्यांनी बघितल्यावर खाली घसरला. आपण डोळ्यांनी ऐकतो. आणि दुसरी गोष्ट, दोन जोड्यांचा आवाज सारखा करून घेतल्याशिवाय तुलना करूच नका, थोडी मोठी वाजणारी जोडी चांगलीच वाटते. एक जोडी दुसरीपेक्षा ३ डेसिबलने जास्त संवेदनशील असेल तर तेवढ्याच आवाजाला तिला निम्मीच पॉवर लागते, म्हणजे व्हॉल्यूमचं बटण एकाच जागी ठेवून घेतलेली चाचणी काही कामाची नाही.

खर्जवेडा
बटण मी एकाच जागी ठेवलं होतं. लेखात दुरुस्ती द्यावी लागणार.
'बद्द' मात्र मस्त. पण तोही मेलेल्या आवाजाचाच शब्द ना?

कोल्हापूरचा_मास्तर
विदर्भातल्या ताईंच्या मडक्यावरून आठवलं. खर्जवेड्यांचा दुसरा प्रश्न सगळे विसरलेत. 'व्हॅल्यू फॉर मनी'ला आपला शब्द आहेच की, 'वाजवी'. रुपया दगडावर वाजवून घ्यायचे, खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. वाजवून घेतलेलं ते वाजवी. किंमत आणि आवाज दोन्ही एका शब्दात. स्पीकरला याच्याइतका शोभणारा शब्द दुसरा नाही.

दादरकर_आजी
मास्तर, कल्पना फार सुंदर आहे पण 'वाजवी' अरबी 'वाजिब'वरून आलाय. वाजिब, वाजबी, वाजवी. मोल्सवर्थच्या शब्दकोशात 'वाजबी' सापडेल तुम्हाला. वाजण्याशी त्याचा काही संबंध नाही.

कोल्हापूरचा_मास्तर
आला असेल अरबीतून. पण 'ब'चा 'व' का झाला? बोलणाऱ्यांच्या कानात नाणं वाजत होतं म्हणूनच झाला असेल ना.

दादरकर_आजी
'असेल ना'वर मला काही म्हणता येत नाही.

मराठीच_बोला
वाजवी परका आहे हे मला आज कळलं. मग 'रास्त' घ्या.

मुक्काम_सातारा
रास्त फारसी आहे साहेब.

मराठीच_बोला
'स्वस्त' तरी?

दादरकर_आजी
तो संस्कृत 'स्वस्थ'वरून. हिंदीतला 'सस्ता' पण तिथलाच. बाजार स्वस्थ असला की भाव उतरतात, असा अर्थ सरकला असावा. पण स्वस्त म्हणजे फक्त कमी किंमत, त्यात दिलेल्या पैशाचं चीज झालं हे येत नाही.

विदर्भातली
'पैशाचं चीज झालं'! आजी, हाच तर शब्द हवा होता त्यांना.

खर्जवेडा
अरे वा. "या जोडीत पैशाचं चीज होतं." हे लिहिणार.
मधली बातमी: काल काकांकडे गेलो, दोघांनी मिळून टॉवर दोन फूट पुढे ओढले, टीव्हीचं युनिट सरकवलं (काकूंची परवानगी रविवारपर्यंतचीच आहे), मागच्या भोकात अर्धा मोजा घातला आणि तंबोरा लावला. आधी नुसता खर्जच खर्ज होता, आता चारही तारा सुट्या ऐकू येतात. मग काकांनी स्वतःचंच एक जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि डग्गा आल्यावर म्हणाले, "हां, आता घुमारा आहे." मी विचारलं, मग आधी होतं ते काय होतं? ते म्हणाले, "ते घोंगावणं होतं रे."

तबलजीची_लेक
घोंगावणं! माशीसारखं, हाकललं तरी जात नाही. काकांना नमस्कार सांगा.

मुक्काम_सातारा
घोंगावणं बारीक आवाजाचं असतंय, माशीचं, भुंग्याचं. बेसला कसं चालंल? मी ढबढबवर ठाम.

पणजी_पोंबुर्फा
वारा पण घोंगावतो की. तो कुठे बारीक असतो.

मराठीच_बोला
'घोंगावणे' की 'घोंघावणे'? मी दोन्ही छापलेलं पाहिलंय. आधी ते ठरवू या.

दादरकर_आजी
मी लहानपणापासून 'घोंघावणे' म्हणत आलेय. आमच्या शेजारच्या रत्नागिरीकडच्या बाई 'घोंगावणे' म्हणतात. आज संध्याकाळी विचारते त्यांना.