सैन्यातून आलेले कोच नुसते शिस्तीचेच असतात का? (नंबियार सरांबद्दल)

खारूताई:
भाचीला शाळेत भाषणाला विषय आलाय, सैन्यातून येऊन शिक्षक किंवा कोच झालेली व्यक्ती. मी तिला ओ. एम. नंबियार सुचवले, पी. टी. उषाचे कोच. आधी हवाई दलात होते, पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा केला आणि केरळात स्पोर्ट्स डिव्हिजनच्या, म्हणजे सरकारी क्रीडा शाळेतल्या मुलींना शिकवायला लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये गेले. पण जिथे बघावं तिथे तेच, फौजी होते म्हणून कडक, पहाटे उठवायचे, संपलं. एवढ्यावर भाषण कसं होणार? अजून काही सांगता येईल का कोणाला?

जुना_धावपटू:
पहाटे उठवणारे छप्पन्न मिळतील हो. नंबियारांचं खरं काम नजरेचं आहे. १९७६ च्या आसपास त्यांनी उषाला हेरलं ते तिची सडपातळ अंगकाठी आणि झपझप चाल बघून. पय्योळीच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पळवलं ते सगळ्यांना माहितीये, पण मला विचाराल तर सगळ्यात भारी निर्णय तिला ४०० मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत उतरवण्याचा. बायकांसाठी हा इव्हेंट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तोच मुळी १९८४ ला, लॉस एंजेलिसमध्ये. शंभर-दोनशेमध्ये जगभरच्या पोरी आधीच ठाण मांडून बसलेल्या, इथे मात्र सगळ्यांचीच सुरुवात, आणि त्यात पूर्व युरोपातल्या बऱ्याच देशांचा बहिष्कार. याला शिस्त नाही म्हणत, याला डोकं म्हणतात.

खारूताई:
हे मस्त आहे. पण मग त्या १९८४ च्या शर्यतीत उषाचं मेडल थोडक्यात हुकलं, ते गेलं कसं नेमकं?

जुना_धावपटू:
फायनलला आधी एक फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे कोणीतरी इशाऱ्याआधीच सुटलं, सगळ्यांना परत सुरुवातीच्या ब्लॉकवर यावं लागलं, तिथे उषाची लय बिघडली असं तीच सांगते. तिला ५५.४२ सेकंद आणि ब्रॉंझवाल्या रुमानियाच्या कोजोकारूला ५५.४१. शेवटच्या पावलाला छाती पुढे झोकायची असते ती झोकली गेली नाही, तेवढ्यात गेलं. आता बघा, दहा हर्डल्स, पहिला ४५ मीटरवर आणि पुढे दर ३५ मीटरला एक, त्यामुळे प्रत्येक टप्प्यात पावलं किती टाकायची हे आधीच घोटून घ्यावं लागतं, आणि तिने हा इव्हेंट सिरियसली धरून फार काळ झालाच नव्हता. अशा पोरीला फायनलपर्यंत नेणं हे त्या माणसाचं काम. लोक मात्र हुकलेलंच मेडल धरून बसलेत, १९८६ च्या सोल एशियाडमधली चार गोल्ड कोणी काढतच नाही.

साधा_माणूस:
थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. सैन्याचा वाटा अगदीच उडवून लावू नका. ध्यानचंद १९२२ ला साधे शिपाई म्हणून भरती झाले, १९५६ ला मेजर म्हणून निवृत्त झाले आणि नंतर त्याच पतियाळाला हॉकी शिकवली. सैन्यात खेळाला वेळ, मैदान, खुराक सगळं मिळतं, बाहेर तेव्हा कोण देत होतं? डोकं त्यांचं, पण ते चालवायला जागा तिथे मिळाली.

मैदानवाली:
आमच्या शाळेत पीटीचे सर माजी सैनिक होते. प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी एकेकाचे बूट उलटे करून टाच कुठल्या बाजूने झिजलीये ते बघायचे, आणि त्यावरून पाय आत वळतो का बाहेर ते सांगायचे. शिक्षा म्हणून कधीच पळवलं नाही, म्हणायचे पळण्याची शिक्षा केली तर पोरगं पळणं सोडून देईल. उशिरा येणाऱ्याला रोलर ओढायला लावायचे, तो मात्र जीव काढायचा 😄 हेही सैन्यातूनच आलेले, त्यामुळे कडक म्हणजे आरडाओरडा हे समीकरण मला कधीच पटलं नाही.

खारूताई:
टाचेचं भाचीला जाम आवडलं, आता घरातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघतीये. पुरस्कारांचं पण घालू का?

जुना_धावपटू:
एका वाक्यात घाला. कोचना मिळणारा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला, त्या पहिल्याच यादीत नंबियार होते, सोबत कुस्तीचे भालचंद्र भागवत आणि बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज. पद्मश्री मिळायला मात्र २०२१ उजाडलं, जायच्या काही महिने आधी. माझ्या मते उशीरच केला. बाकी सगळा वेळ हर्डल्सवर द्या, फळ्यावर ट्रॅक काढून दाखवता आला तर उत्तमच.