एसएसएलसीला 90 टक्के, पीयूसी सायन्सला नापास: चुकतंय कुठं?

खानापूरचा मास्तर
परवा एकानं इथं लिहिलं की मराठी हायस्कूलची पोरं एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीला, नुसते मार्क घेऊन येतात आणि पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावी-बारावीला, गळतात, कारण मास्तर शिकवतच नाहीत. 27 वर्षं विज्ञान शिकवलंय मी, म्हणून लांब लिहितोय. आमच्या पोराला विस्थापन येतंय, त्वरण येतंय, गणितं फटाफट सोडवतंय. पीयूसीत पहिल्याच तासाला लेक्चरर डिस्प्लेसमेंट, ॲक्सिलरेशन म्हणतात आणि पोरगं मान खाली घालून बसतंय. पुस्तक इथंबी एनसीईआरटीचं, तिथंबी एनसीईआरटीचं, बदलली ती भाषा. त्यात मास्तर कुठं चुकला सांगा.

लेक्चरर, बेळगाव
सर, ती पोस्ट माझीच. शब्दांचं पटतं. पण इंटर्नलचे, म्हणजे शाळेच्या हातातले, 20 पैकी 20 कशाचे देता ओ तुम्ही लोक? मागच्या वर्षी टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला एका मुलीनं ब्युरेटचा कॉक उघडाच ठेवला, खाली फ्लास्क नाही, सगळं ॲसिड टेबलावर. विचारलं तर म्हणाली, ब्युरेट हायस्कूलात नुसती कपाटाच्या काचेतनं बघितलेली, कपाटाला कुलूप होतं. 2024 ला एसएसएलसी परीक्षेवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यातनं थेट नजर, बसवलं तर राज्याचा निकाल 83.89 टक्क्यांवरनं 73.40 वर आला, तोबी 20 टक्के ग्रेस देऊन. मग आधीचे मार्क कशाचे होते?

खानापूरचा मास्तर
कुलूप मास्तरानं हौसेनं लावलं नव्हतं. दोन वर्षं गणिताची जागा रिकामी होती आमच्याकडं, मी विज्ञानाचे तास मोडून गणित घेतलं. लॅब कुणी घ्यायची?

निपाणीची आई
तुमचं चालू दे, पण कन्नडचं कोण बोलणार? माझी लेक दहावीच्या वर्षी रोज दोन तास कन्नडच्या ट्यूशनला जायची, तेच दोन तास इंग्लिशला दिले असते तर पीयूसीत रडली नसती. शाळांत कन्नड सक्तीचं करणारा 2015 चा कायदा झाला आणि पोरांच्या डोक्यावर ओझं वाढलं.

शहापूरकर
ताई, राहायचं इथं, सातबारा कन्नडमधे, बसची पाटी कन्नडमधे, आणि पोराला कन्नड नको? मला कन्नड येत होतं म्हणून पीयूसीत तरलो. बाजूच्या बाकावरचा पोरगा कन्नडमधनं समजावून सांगायचा.

निपाणीची आई
कन्नड नको असं कुठं म्हटलं मी? वाचून तरी बोला. बोलायला शिकवा की, माझी लेक बाजारात बोलतीच. परीक्षेला व्याकरण घोकून घेतलं, त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही तिला.

शहापूरकर
घोकंपट्टीचं म्हणत असाल तर बरोबर आहे तुमचं. पण सीमाभागात प्रत्येक दुखण्याला कन्नडच कारण, हे ऐकून कान किटले आता.

लेक्चरर, बेळगाव
विषय पीयूसीचा होता ओ. पलीकडं महाराष्ट्रात चंदगडला सेमी इंग्लिश आहे, गणित-विज्ञान इंग्लिशमधनं, बाकी मराठीत. आपल्या शाळांनी तेवढं तरी करावं.

खानापूरचा मास्तर
आठवीतल्या पोराला आधी कळू तरी दे की प्रकाश वाकतो कसा! मराठीत कळलेलं जन्मभर राहतंय.

हलगेकर (बीई तिसरं वर्ष)
सर, मी मराठी मीडियमचा. मला विज्ञान मराठीतच नीट कळलं, त्याबद्दल आमच्या बाईंचे उपकार विसरणार नाही. पण पीयूसी पहिल्या टेस्टला फिजिक्समधे 50 पैकी 9. उत्तर येत होतं, प्रश्न वाचताच येत नव्हता. बाईंनी नववीपासनं फळ्यावर प्रत्येक शब्दाखाली इंग्लिश शब्द लिहिला असता, अपवर्तनाखाली रिफ्रॅक्शन, एवढंच, तर माझे सहा महिने वाचले असते. त्यासाठी ना माध्यम बदलायला लागतंय ना सरकारचा आदेश.

खानापूरचा मास्तर
हे मी केलं नाही. करायला पाहिजे होतं. इंटर्नलचं मात्र लेक्चररसाहेबांचं अजून पटत नाही.

लेक्चरर, बेळगाव
नका पटवून घेऊ. मीबी जूनमधले पहिले पंधरा दिवस धडा न घेता शब्दच घेतो. हलगेकर, तू तेव्हा शब्दांची वही केली असशील तर फोटो टाक.

हलगेकर (बीई तिसरं वर्ष)
केलेली. आता धाकटी बहीण वापरतीय, संध्याकाळी टाकतो.